ना नाव, ना चिन्ह

"सिटिंग आमदाराला तिकीट नाकारलं तर अपक्ष उभं राहायचं, त्यात काय एवढं?" दुपारच्या चहाला कुणीतरी सहज बोलून गेलं आणि ते डोक्यातून जाईना.

आपल्याकडे बंडखोराला निदान चिन्ह तरी मिळतं. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात 2010 साली लिसा मुर्कोव्हस्की विद्यमान सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य होत्या. ऑगस्टमध्ये प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, जो मिलर यांच्याकडून हरल्या. मग रिंगणात राहायचा एकच मार्ग उरला: मतपत्रिकेवर नाव छापलेलं नाही, ते मतदारानंच हातानं लिहायचं.

त्यातही दोन कामं. रिकाम्या ओळीशेजारचा लंबगोल काळा करायचा आणि नाव लिहायचं. नाव लिहिलं पण लंबगोल कोरा राहिला, तर मत बाद. म्हणून प्रचारात भाषणांपेक्षा स्पेलिंग जास्त! नाव छापलेले रबरी मनगटी पट्टे वाटले. हे मला फार आवडतं, जाहीरनामा मनगटावर.

खरी मारामारी मोजणीत झाली. अलास्काच्या राजधानीत, जुनोमध्ये, एकेक मतपत्रिका डोळ्यांनी तपासली. मिलर यांची माणसं चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवून हरकत घेत होती. अशी सुमारे 8 हजार मतं. ती सगळी वगळली तरी मुर्कोव्हस्की 2 हजारांहून जास्त मतांनी पुढेच होत्या! डिसेंबरात अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, स्पेलिंग चुकलं तरी मतदाराचा हेतू कळला की पुरे. कोऱ्या लंबगोलाला मात्र माफी नाही.

आपल्याकडच्या किती विद्यमान आमदारांचं पूर्ण नाव मतदार असं न बघता लिहू शकतील?