मधलं नाव

जिल्हा आवृत्तीचं चौथं पान दहाला सोडायचं होतं आणि साडेनऊला पाव पान जाहिरात आली. पोलिसांची प्रेसनोट तासाभरापूर्वीच व्हॉट्सअ‍ॅपवर पडली होती. मिरजेतला एक भिशीचालक लोकांचे पैसे घेऊन पसार झाला होता आणि त्याच्यावर कलम 420 खाली गुन्हा दाखल झाला होता. मी बातमी दोन कॉलमी केली. मथळा काही केल्या जमेना, तेव्हा दहा मिनिटं त्याच्याशी झटलो आणि शेवटी सुचला, ‘भिशी बुडाली, चालक उडाला’. शेजारच्या टेबलावरून दाद मिळाली, मीही खूश झालो. पान लावताना खाली एक ओळ लोंबत होती. ती आत घ्यायला मी आरोपीच्या वडिलांचं नाव, वय आणि गल्ली उडवली. पहिलं नाव, आडनाव आणि ‘रा. मिरज’ एवढंच उरलं. दहा सेकंदांचं काम. पान वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला साठीच्या पुढचे एक गृहस्थ सांगलीच्या ऑफिसात आले. पांढरा सदरा, बोटांच्या पेरांत मुरलेलं पॉलिश, हातात चार घड्या घातलेला आमचा अंक. ते आणि त्यांचा मुलगा मिरजेत तानपुऱ्याच्या कामावर होते. मुलाचं नाव आणि आडनाव आरोपीचंच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे रीत, त्यामुळे एका भावकीत एकाच नावाचे दोघं-तिघं सहज निघतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या गावात माझ्या नावाचा आणखी एक जण आहे.

“साहेब,” ते उभ्या उभ्याच म्हणाले, “त्याच्या नावात मधे दुसऱ्याच्या बापाचं नाव हुतं. तेवढं छापलं असतं तर आमचं पोरगं सुटलं असतं.”

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. त्यांचा मुलगाही गल्लीतल्या बारा जणांची छोटी भिशी सांभाळायचा. सकाळी सातलाच दोन बायका दारात येऊन पैसे परत मागून गेल्या होत्या. एकीचे त्याने घरातले काढून दिले.

आमच्याकडे अशा वेळची वाट ठरलेली होती. आतल्या पानावर, तळाला, ‘दिलगिरी’ म्हणून दोन ओळी. मीही अनेकदा तशा दोन ओळी लिहून मोकळा झालो होतो. त्या दिवशी मात्र ते मनाला पटेना. बातमी चौथ्या पानावर दोन कॉलमात आणि दुरुस्ती लग्नाच्या जाहिरातींखाली, हा कुठला न्याय? प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, चूक लक्षात आली की दुरुस्ती तातडीने आणि योग्य त्या ठळकपणे छापायची. वरिष्ठ म्हणाले, “पायंडा पडेल.” मी म्हणालो, “पडू दे.” आवाज चढला याचं मला आजही वाईट वाटत नाही. शेवटी त्याच पानावर, दोन कॉलमात छापायचं ठरलं.

आता दुसराच पेच. दुरुस्तीत मुलाचं नाव घालायचं की नाही? घातलं तर ज्यांनी बातमी वाचलीच नव्हती त्यांनाही ते कळणार. न घालावं तर दुरुस्ती कुणाची तेच समजणार नाही. हे ऑफिसात बसून ठरवायचा हक्क मला नव्हता. दुपारी मिरजेला गेलो.

तो तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसला होता. मी कोण ते वडिलांनी सांगितलं. त्याने मान वर केली नाही, “बसा” म्हणाला आणि काम चालू ठेवलं. जवारी काढायचं, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवायचं काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. घोडीचा माथा सपाट वाटतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर निसटती टेकते, तिथून तानपुऱ्याची ती घुमणारी आस निघते. दोन-तीनदा हलकी कानस मारायची, तार पुन्हा चढवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवत कान लावायचा. मनाला आलं नाही की तार उतरवून पुन्हा तेच. मी पाऊण तास बसलो होतो, तेवढ्यात त्याने सहा वेळा तार उतरवली.

“जास्त घासलं गेलं तर?” मी विचारलं.

“मग ती घोडी गेली. घासलेलं परत येत नाही.”

मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, “असू दे” वगैरे काही म्हणाला नाही, आणि म्हणायला हवं असंही मला वाटत नाही. नावाचं विचारलं तेव्हा तो वडिलांकडे बघून म्हणाला, “छापा. पूर्ण छापा.”

दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आली. एक दिवस उशीर झालाच. गल्लीतल्या बाराजणांपैकी दोघं भिशीत परतले नाहीत.

तेव्हापासून प्रेसनोटमधली नावं मी आधी वहीत उतरवतो, वडिलांच्या नावासकट, आणि मग मथळ्याकडे वळतो. पुष्कळदा मथळा साधाच राहतो. यमक जुळवायची हौस अजून आहे, पण ती आता नाटकांच्या, मेळ्यांच्या बातम्यांवर भागवतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांवरची बातमी माझ्याकडेच आली. मी त्याला फोन केला, तुझं नाव घेऊ का, असं विचारलं.

“घ्या की. पण मधे बाबांचं घाला.”

रात्री पान लावताना पुन्हा एक ओळ लोंबत होती. बातमीवर वर माझं नाव होतं, ते काढलं. ओळ बसली.