एकाच घरचे लेकरं

आमच्या मत्स्यबीज केंद्रावर पावसाळा म्हणजे रात्रपाळीच. गेल्या जुलैत संध्याकाळी रोहूच्या माद्या काढल्या, पोट हाताला मऊ लागत होतं, नरांचे छातीजवळचे पर खरखरीत आणि पोट जरा दाबलं की दुधासारखं पाणी, म्हणजे सगळं रेडी. मादीला किलोमागे 0.4 मिली ओव्हाप्रिम, म्हणजे अंडी सोडायला लावणारं हार्मोनचं इंजेक्शन, नराला निम्मं, टोचून गोल टाकीत सोडले आणि शॉवर चालू केला. पहाटे अंडी पडली, मी खुशीत चहा मागवला.

सकाळी पांढऱ्या बशीत शंभर अंडी मोजली तर चाळीसेकच काचेसारखी, बाकी दुधाळ, मेलेली. जी फुटली त्यातलीही बरीच जिरी, म्हणजे नुकती बाहेर आलेली पिल्लं, शेपटीत वाकडी, एका जागीच गोल गोल फिरत होती. पहिला संशय औषधावर, मग पाण्यावर, रात्री पंप बंद पडला असेल म्हणून वॉचमनला पण झापलं (त्याची नंतर माफी मागितली). पण शेजारच्या टाकीत त्याच बाटलीतलं औषध आणि तेच पाणी असलेली कटला ऐंशीच्या वर होती, मग दोष द्यायचा कुणाला?

जाळं ओढणारे आमचे काका, चाळीस वर्षं हेच करतायत, ते शांतपणे म्हणाले, "सायेब, हे सारे एकाच घरचे लेकरं हायेत, तुम्ही बहीणभावाचं लगन लावता दरसाली."

रजिस्टर काढलं. सहा वर्षांत बाहेरून एक नर आणलेला नाही, सगळे ब्रूडर, म्हणजे पैदाशीचे नर-माद्या, आमच्याच जिऱ्यातले. वर होळीच्या आधी मोठे मोठे मासे बाजारात जायचे कारण भाव चांगला, आणि मागे उरलेले बारके आम्ही ब्रूडर म्हणून ठेवायचो, आणि ती ऑर्डर माझीच. तिकडे भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यसंशोधन संस्थेने पिढ्यानपिढ्या लवकर वाढणारे मासे निवडून जयंती रोहू तयार केली, आम्ही बरोब्बर उलटं करत होतो, तेही मन लावून.

गिऱ्हाईकं ऑक्सिजनच्या पिशव्या घेऊन गेटवर उभी. रोहू नाही म्हटलं, कटला न्या, एकजण चिडून रिकामाच गेला. वाकडी बॅच फेकून दिली.

थंडीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातून तीस नर आणले. ते वेगळ्या तळ्यात आहेत, आणि त्या तळ्याचं जाळं काका मला हातही लावू देत नाहीत.