लोझेरचे पाच दिवस, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं लोझेरला जाऊन आलो. दक्षिण फ्रान्समधलं हे देपार्तमाँ, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा. नंबर 48, तिथल्या पिनकोडची सुरुवातच 48 ने होते. पसारा 5,000 चौरस किमीच्या वर आणि माणसं जेमतेम 76-77 हजार, मुख्य भूमीवरच्या फ्रान्समध्ये सगळ्यात कमी. 1790 मध्ये जुन्या जेव्होदाँ प्रांतातून हा जिल्हा तयार झाला. प्रीफेट म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी, साधारण आपल्या कलेक्टरसारखा, तो मांद या मुख्य शहरात बसतो. निवडून आलेली जिल्हा कौन्सिल वेगळी, तीही मांदलाच. दुसरं उपविभागीय ठाणं फ्लोराक.

मला विचाराल तर मुक्काम फ्लोराकलाच करा. मांदला कॅथेड्रल छान आहे, अर्धा दिवस बास. फ्लोराकहून मात्र एका बाजूला सेव्हेनचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कॉस मेजाँचं पठार आणि खाली तार्न नदीची दरी, सगळं हाताशी. 1970 मध्ये झालेल्या सेव्हेन नॅशनल पार्कचं ऑफिसही इथल्या किल्ल्यात आहे. आणि गुरुवारी सकाळी बाजार असतो, तो चुकवू नका.

मला सगळ्यात जास्त काय भावलं तर पाणी. तार्न मों लोझेर या डोंगरावर उगम पावते आणि शेवटी अटलांटिकला मिळते, पण त्याच परिसरातले गार्दोंचे ओढे ऱ्होन नदीकडे म्हणजे भूमध्य समुद्राकडे जातात. मों लोझेरच्या 1,699 मीटरच्या फिनिएल शिखरावर उभं राहिलं की पाऊस कुठल्या समुद्राला जाणार हे पायाखालचा उतार ठरवतो, मी तिथे कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. उलट कॉस मेजाँवर पाणी टिकतच नाही, चुनखडी सगळं गिळते, म्हणून मेंढ्यांसाठी दगडांनी बांधलेली गोल उथळ तळी आहेत, लाव्होन्य म्हणतात त्यांना. एका तळ्याच्या काठावरचे दगड मेंढ्यांच्या खुरांनी इतके गुळगुळीत झालेले की माझा पाय घसरला. तेच गिळलेलं पाणी खाली गुहा कोरतं, त्यातली आवेन आर्मान नक्की बघा, आत थंडी असते, स्वेटर ठेवा.

आता कामाचं. गाडी हवीच, फ्लोराकला रेल्वे नाही, मांदला आहे पण गाड्या मोजक्याच. लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट घ्या. रविवारी पठारावर आमचा पेट्रोलचा काटा लाल झाला, पंप कुठेच दिसेना, फ्लोराकला उतरेपर्यंत जीव टांगणीला, आणि तिथल्या पंपावर माणूसच नव्हता, मशीनने पहिलं कार्ड नाकारलं, नशीब दुसरं चाललं. म्हणून टाकी शनिवारीच फुल करा आणि दोन कार्डं ठेवा. दुपारी दुकानं बंद होतात, जेवणाचं सामान सकाळीच घ्या. शाकाहारी असाल तर आलिगो मागा, बटाटा-चीज-लसूण घोटून केलेलं, डाव उचलला की हातभर तार निघते. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर मात्र आधी विचारा. तार्नच्या दरीतला सेंत-एनिमी गावाचा रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की रिव्हर्स घ्यावी लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा.