पत्रिका घरीच

आज घरभर कागदाच्या कतरणी. माझ्या लग्नाच्या पत्रिका आम्ही घरीच करायलोत. "दुकानात तयार मिळतात की गं बाई, कशाला करायलीस?" असं आजी सकाळी म्हणाली आणि दुपारी तीच घड्या घालायला बसली.

वेरूळच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्यातून हातकागद आणला. १३२७ मध्ये तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्यासोबत कागद करणारे कारागीर इथं आले असं सांगतात. कागद देखणा आहे, पण सगळ्या पत्रिका त्याच्या करायच्या तर मंडपाच्या पैशाला हात लागेल. म्हणून त्यावर फक्त देवाच्या पत्रिका, हातानं लिहिलेल्या: पहिली गणपतीला, दुसरी तुळजाभवानीला. बाकी सगळ्या २५० जीएसएमच्या, म्हणजे जाडसर, साध्या कार्डशीटवर. एका ए-फोरमधून चार निघतात. छपाई मात्र झेरॉक्सवाल्याकडं लेझरवर. घरच्या इंकजेटची शाई हळद-कुंकवाचं ओलं बोट लागलं की पसरते.

खरी अडचण नावांची. एवढ्याशा कार्डावर निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, समस्त अमुक परिवार कुठं बसवायचे? मी सगळे उडवले. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' तेवढं ठेवलं, कारण ताईची पोरं मुसमुसायला लागली. पप्पा अजून गप्प आहेत; भावकीतून फोन सुरू झाले की बोलतील.

लांबच्यांना व्हॉट्सॲपवर. अंबाजोगाईच्या आत्याला ते चालत नाही. तिच्याकडं अक्षता घेऊन जावंच लागणार, आणि जेवल्याशिवाय ती सोडायची नाही.