आत्याचं गाणं, नोंद 7: चिठ्ठी अडली होती, ती पेटीच्या ‘पांढरी सात’ पट्टीनं सोडवली

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की आत्याच्या पंच्याहत्तरीला भेट म्हणून करतेय ते गाणं झालं, आता फक्त सोबतची चिठ्ठी राहिली, एका संध्याकाळचं काम. त्याला सोळा दिवस झाले. चिठ्ठी काल रात्री झाली. आणि ती होताना गाण्याचाच एक अंतरा पुन्हा रेकॉर्ड करायची पाळी आली. सगळं सविस्तर लिहिते, कारण गाणं भेट देणाऱ्या आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकजण इथेच अडकतो असं मला वाटायला लागलंय.

आधी सुपाचं सांगते, कारण त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. ठेक्यासाठी तबल्याऐवजी खरं सूप वापरायचं, हे नोंद 5 मध्ये ठरलं होतं. आत्या दुपारी ओसरीवर तांदूळ पाखडायची, त्याला आपोआप दादऱ्याचा ताल असायचा. प्लास्टिकच्या सुपाचा आवाज मेलेला येतो, त्यात दाणे सरकल्याचं कळतच नाही. शेवटी बुरुडाकडून बांबूचं सूप आणलं, आत दोन मुठी इंद्रायणी घातला, माइक हातभर लांब आणि किंचित खाली ठेवला, दाराला गोधडी लावली. पाखडताना ‘धा’च्या जागी दाणे पडतात आणि ‘ना’च्या जागी घासतात. सहा मात्रांचं एक आवर्तन नीट मिळायला 40 मिनिटं लागली. तांदूळ किमान दोन वर्षं जुना घ्या, नवा जड पडतो. या गाण्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही, माझ्या गळ्याहूनही.

आता चिठ्ठी.

आत्याला 75 पूर्ण होतायत. पहिला मसुदा मी ‘तीर्थरूप’नं सुरू केला आणि तिथेच फसले. एकदा तो मायना लिहिला की पुढे ‘आपणास’, ‘आपल्या चरणी’, ‘कृ. सा. न. वि. वि.’ असं सगळं आपसूक येत जातं. मी जन्मभर तिला ‘तू’ म्हणत आलेय. रागावले तेव्हाही तू, तिच्या मांडीवर झोपले तेव्हाही तू. आणि नावाआधी काय लावायचं? घरातल्या मोठ्यांनी ‘गं. भा.’ सुचवलं. माझा हात धजेना. तिच्या वाढदिवसाच्या कागदावर पहिली दोन अक्षरं तिचा नवरा गेल्याची कशाला? नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, जाऊन एक अख्खी दुपार जुने पत्रसंग्रह चाळले. 1840 पासूनचं वाचनालय आहे, मायन्याची कमतरता नाही. पण जी पत्रं वाचताना घसा दाटला, त्यातल्या बहुतेकांचा मायना एका शब्दाचा होता. मीही नुसतं ‘आत्या,’ एवढंच ठेवलं. स्वल्पविराम धरून.

दुसरी अडचण मात्र मायन्यानं सुटणारी नव्हती. मसुदा दोन ते सहा, सगळे गाण्याचा अर्थ सांगत बसले होते. ‘दुसऱ्या अंतऱ्यात पुराचा उल्लेख आहे, तो म्हणजे...’ अशी वाक्यं. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना तो अंतरा माहीत आहे: गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की पंचवटीतल्या त्या घरात सगळ्यात आधी पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावर जायची, धान्याचे डबे नंतर. हे गाण्यात आलंय. तिला तर ते गाण्याशिवायही माहीत आहे, पेटी वर देणारे हात तिचेच होते. तरी मी साडेतीनशे शब्दांत तेच तिला पुन्हा समजावून सांगत होते. वाचून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, “छान आहे, पण हे तू आम्हाला सांगतेयस, तिला नाही.” दोन दिवस मला त्याचा राग आला होता. त्याचं बरोबर होतं.

जात्यावरच्या ओव्या मी चालीसाठी ऐकत होते, त्यांचा उपयोग इथे झाला. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरींत ‘सांगते बाई तुला’ येतं. ते नुसतं मात्रा भरायला येत नाही. दळणारी बाई कुणाला तरी उद्देशूनच बोलत असते, समोर जातं असलं तरी. माझ्या सहा मसुद्यांत ‘तुला’ होतं, पण ते पत्त्यावरच्या नावासारखं. बोलणं तिच्याशी नव्हतं.

हे कळलं, पण सांगायचं काय तेच मिळेना. म्हणून मध्येच बेत बदलला. चिठ्ठी लिहायचीच नाही, बोलून रेकॉर्ड करायची आणि गाण्याआधी जोडायची. कारणही रास्त होतं: आत्याचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बाकी आहे. तंबोरा हळू ठेवून 1 मिनिट 50 सेकंदांचं बोलणं केलं. सकाळी ऐकलं तर मी आत्याशी नाही, श्रोत्यांशी बोलत होते. माइक समोर आला की माझा आवाज असाच होतो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. शिवाय गाणं ती शंभरदा लावेल, आणि दर वेळी आधी माझं भाषण? ते काढून टाकलं. पण डोळ्यांचा विचार कामी आला. मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून एकच पान: म्हणजे फार तर 80 शब्द. साडेतीनशेचे 80 करायचे म्हटल्यावर उरणार काय, तेवढंच बघायचं होतं.

आणि त्याच आठवड्यात पेटी बिघडली.

गाणं काळी चारमध्ये आहे, सा त्या पट्टीवर, म्हणजे कोमल गंधार पांढरी सातवर येतो. श्रावणापासून हवा अशी दमट की पट्ट्या फुगल्यात, ते दरवर्षीचंच. पण ही भुणभुण वेगळी होती. खुंट्या एकेक बंद करून पाहिल्या. नर, म्हणजे वरचा सूर, स्वच्छ, खालचा खर्जाचा सूर बडबडत होता. म्हणजे पितळेच्या जिभेखाली काहीतरी अडकलंय. मागच्या वर्षी एका कारागिरानं याच कामाचे भरमसाट पैसे घेतले आणि वर दोन सूर घासून चढे करून ठेवले. तेव्हापासून पेटी मी कुणाकडे देत नाही. वरची फळी काढली, पट्ट्या मोकळ्या केल्या, आणि डाव्या बाजूच्या सांध्यात, भात्याच्या वरच्या अंगाला, एक पिवळट कागद खोचलेला दिसला.

पोस्टकार्डाचा तुकडा. दोन बोटं रुंद, एक टोक तिरकं कापलेलं, कडा हाताळून मऊ झालेल्या. एका बाजूला पिनकोडचे चार आकडे, 4220, पुढचे कापताना गेलेले. मी पाचवीत होते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हीच पांढरी सात बसली होती आणि मी रडत होते. आत्यानं 15 पैशांचं आलेलं कार्ड कात्रीनं कापलं, जीभ नखानं जराशी उचलली, कागद खालून एकदाच सरकवला. केस निघाला, माझाच. सूर सुटला. तुकडा टाकायला मी हात पुढे केला तर म्हणाली, “ठेव तिथंच, पुन्हा लागेल.”

मी तो तुकडा घेतला आणि तसाच सरकवला. धूळ निघाली, भुणभुण गेली. मग पेटी तशीच उघडी ठेवून चिठ्ठी लिहिली, दहा मिनिटांत. काल रात्री फक्त स्वच्छ उतरवून काढली. जशी आहे तशी देते:

“आत्या,
पेटी उघडली होती. आत पोस्टकार्डाचा तुकडा सापडला. मी पाचवीत असताना पांढरी सात बसली, तेव्हा तू कापला होतास. ‘ठेव तिथंच, पुन्हा लागेल,’ म्हणाली होतीस. परवा लागला. तीच पट्टी होती.
हे गाण्यात बसवायला गेले, मात्रेत बसलं नाही. म्हणून इथं लिहिलं.
गाण्यात सूप वाजतंय ते मी पाखडलंय. तांदूळ थोडे सांडले. रविवारी येते, तू करून दाखव.”

खाली माझं घरातलं नाव.

गाण्याचा अर्थ यात कुठेच नाही. जे मीटरमध्ये मावलं नाही ते चिठ्ठीत गेलं, एवढंच झालं. माझ्या वहीत गाळलेल्या ओळींचं एक पान असतं, तुमच्याही असेल. यापुढे चिठ्ठीसाठी मी आधी तेच पान उघडणार आहे.

कागदाचं थोडक्यात. ऑनलाइन मागवलेला ‘हातकागद’ दिसायला देखणा, पण टाकाच्या शाईला लायक नाही. रेघ ओढली की दोन्ही बाजूंना मुळं फुटतात, ‘आत्या’तला ‘त्या’ वाचता येईना. शेवटी साध्या जाड लेजर कागदावर लिहिलं, शाई काळी, पाण्यानं न पसरणारी. धुऊन निघणारी निळी मला जास्त आवडते, पण हे पान तिच्या हातात असताना ओलं होण्याची शक्यता मी धरून चाललेय.

तिच्या स्पीकरला पेन ड्राइव्ह लागतो पण तो वेव्ह फाइल ओळखत नाही. एमपी3 केली, ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केला, लगेच वाजली. भाचरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते.

आता नवी भानगड. सूर साफ झाल्यावर दुसरा अंतरा पुन्हा रेकॉर्ड केला, त्यात कोमल गंधार इतका मोकळा बोलतोय की पहिला अंतरा आणि दुसरा अंतरा दोन वेगळ्या पेट्यांवर वाजवल्यासारखे वाटतात. पहिला जुन्या, भुणभुणत्या सुराचा आहे. इक्वलायझरनं झाकून पाहिलं, झाकलं जात नाही. आणि हे लिहिता लिहिता सुचतंय की दोन अंतऱ्यांच्या मध्ये नुसती पांढरी सात एकदा लांब धरावी, शब्दांशिवाय, चार आवर्तनं, खाली फक्त सूप. चिठ्ठी वाचून झाल्यावर ती ऐकेल तेव्हा तिला कळेल कोणती पट्टी आहे ती. म्हणजे गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांवरून चार मिनिटांच्या जवळ जाईल. जाऊ दे.

तुकडा चिठ्ठीला चिकटवायचा विचार होता. नाही चिकटवला. होता त्याच सांध्यात परत खोचलाय. उद्या पहाटे साडेपाचला रेकॉर्डिंग, घंटागाडी यायच्या आत.