ईक्यू सोडून काहीतरी बोला

रविवार, रात्री उशिरा

आज आम्ही काकांकडे एकमेकांची घरी रेकॉर्ड केलेली गाणी ऐकायला बसलो होतो. नेहमीचेच चौघं, काका, बाई, आमचा रॅपर आणि मी. नियम तोच, ज्याचं गाणं असेल त्याने आधी तोंड उघडायचं नाही, म्हणजे 'अजून मिक्स व्हायचंय', 'घसा बसला होता त्या दिवशी', 'हे आपलं रफ आहे' असलं काहीही नाही, गाणं लावायचं आणि गप्प बसायचं. नियम काकांनीच आणला आणि पाळायला सगळ्यात जड काकांनाच जातं. गाणं सुरू झालं की त्यांचा हात आपोआप वर येतो, काहीतरी सांगायला, मग बाई डोळे मोठे करतात आणि हात परत मांडीवर.

काका बँकेतून रिटायर झालेत, तबला पेटी दोन्ही वाजवतात, आणि वयाच्या साठीनंतर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) शिकलेत, तेही असं की आता मला शॉर्टकट तेच सांगतात. बाई शाळेत संगीत शिकवायच्या. रॅपर त्यांच्याच वर्गातला विद्यार्थी, आता इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला. आणि मी, दिवसभर ऑफिस, डोंबिवलीची लोकल, आणि पोरं झोपली की हेडफोन लावून जे काय होईल ते.

आधी फायली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधी ऑडिओ म्हणून पाठवलेली चालत नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या, कारण दाबून दाबून आलेली फाइल ऐकून झांजेबद्दल मत देण्यात काही अर्थच नाही. २४ बिट ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सतरा एमबी खाते, खाऊ दे. मग काका सगळी गाणी एका लेव्हलला आणतात, वजा १४ लफ्स (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं), फुकटचा मीटर लावून. हे मला आधी नाटक वाटायचं पण खरंच आहे ते, दोन गाणी एकामागून एक लावली आणि एक जरासंच मोठं असलं तर कान त्यालाच चांगलं म्हणतात, एखाद्या डीबीचा (डेसिबलचा) फरकही पुरतो, आणि आपल्याला वाटतं आपण मिक्सबद्दल मत देतोय.

यावरून आमच्या रॅपरचं आणि काकांचं दर वेळी वाजतं. तो गाणं वजा सातपर्यंत ठेचून आणतो. काका म्हणतात, अरे स्पॉटिफाय त्याला नेहमीच्या सेटिंगला वजा १४ वर खाली ओढणार, मग एवढं चेपून मिळवलंस काय, किकचा, त्या खालच्या ठोक्याचा, जीव गेला फक्त. तो म्हणतो, "काका, माझं गाणं आमच्या मंडळाच्या डीजेवर वाजणारे. तिथे कोण ओढतंय खाली?" आता यावर काय बोलणार. मला तरी त्याचं पटतं. गाणं कुठे वाजणार ते ठरवूनच मिक्स करावं, आणि स्पॉटिफायवर आमची गाणी ऐकतं तरी कोण, आम्ही चौघं आणि माझी नणंद.

आज पहिलं काकांचं लावलं. तबल्याला दोन माइक, एक चाटेजवळ, एक डग्ग्याला. हेडफोनवर मस्त, भरलेला. मग मी माझ्या फोनच्या ब्लूटूथ स्पीकरवर लावलं आणि डग्गा गायब. म्हणजे बोल ऐकू येतात पण पोट नाही. काका लगेच म्हणाले की लहान स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत, जे बरोबरच आहे, डग्ग्याचा मूळ सूर बऱ्याचदा शंभर हर्ट्झच्या खालीच असतो आणि असल्या डब्यांना तो झेपत नाही, म्हणून तर लोक डग्ग्यावर थोडं सॅच्युरेशन टाकतात, म्हणजे वरचे हार्मोनिक तयार होतात आणि मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. पण रॅपर म्हणाला थांबा, त्याने काकांच्या मोठ्या स्पीकरवरच मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एक करायचं, बटण दाबलं, तिथेही डग्गा पातळ. फेज. एकाच थापेचा आवाज दोन माइकना वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मोनोत एकत्र आला की एकमेकांना कापतो. एका माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी केली, डग्गा परत आला, काका खूश, चहा झाला. असं झालं की मजा येते, दोष सापडला, बटण दाबलं, संपलं.

मग बाईंचा अभंग. चाल त्यांची स्वतःची, भूप रागाच्या अंगाने जाणारी. तंबोरा अ‍ॅपवरचा नाही, त्यांच्या आईचा मिरजेचा, कपाटावरून काढून जवारी करून (तारांखालची घोडी घासून) आणलेला. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा बाईंनी ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता, जणू घरातलाच कोणी पास झाला.) गाणं संपलं आणि आम्ही सुरू झालो. काका म्हणाले ईक्यूने, म्हणजे सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या बटणाने, ३०० हर्ट्झच्या आसपास दोन डीबी काढा, आवाज डब्यातून येतोय. मी म्हटलं १:४२ ला 'स' टोचतोय, डीएसर (टोचणारा 'स' दाबणारा प्लगइन) लावा, सहा-सात किलोहर्ट्झला. काका म्हणाले रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपटी लांब आहे. मी म्हटलं पेटी जरा डावीकडे सरकवू या. मग गंधाराचा विषय निघाला कारण अंतऱ्यात पेटीचा गंधार आणि बाईंचा गंधार घासत होते, आणि ते घासणारच, पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) आणि तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ३८६ वर, बाई लहानपणापासून तंबोऱ्याच्या गंधाराला लागलेल्या. मी एवढंच म्हटलं की मेलोडाइनमध्ये (सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर) बघता येईल का, तर काका असे काही भडकले की मी फरसाण पुढे केलं. त्यांचं म्हणणं, ऑटोट्यून १९९७ ला आलं त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं सुरात गातायत, बाईंना कशाला पेटीवर आणता, पेटी काढा तिथून. आणि खरं सांगायचं तर पेटी म्यूट करून ऐकलं तेव्हा अंतरा एकदम मोकळा झाला. काका स्वतःच वाजवलेली पेटी काढा म्हणत होते हे विशेष.

हे सगळं अर्धा तास चाललं असेल. बाई वहीत लिहून घेत होत्या, ३०० हर्ट्झ, डीएसर, पेटी म्यूट. रॅपर तोपर्यंत गप्प. मग बाईंनीच विचारलं, "तू काही बोलला नाहीस रे."

तो म्हणाला, "बाई, तुम्ही दुसऱ्या कडव्यात श्वास कुठे घेता?"

बाईंना कळलं नाही. तो म्हणाला, "नाही म्हणजे मला ऐकताना गुदमरायला होतं. पहिल्या कडव्यात तुम्ही बसून गाताय. दुसऱ्यात कोणीच नाहीये तिथे, नुसता आवाज आहे."

मला वाटलं आता झालं. आपल्या शाळेतल्या बाईंना, त्यांच्याच गाण्याबद्दल, 'कोणीच नाहीये तिथे'. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "काढलेत मी श्वास." कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे की श्वासाचे आवाज ऐकू आले की रेकॉर्डिंग घरगुती वाटतं, म्हणून एकेक शोधून कापले. शिवाय दुसरं कडवं त्यांनी ओळीओळीने वेगवेगळ्या टेकमधून जोडलंय, जी ओळ ज्या टेकमध्ये चांगली ती तिथून, म्हणजे एक ओळ मंगळवारची आणि दुसरी शुक्रवारची. प्रत्येक ओळ चोख आहे. ओळीतून ओळीत जाणारं कोणी नाही.

त्यांच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट होतंच. आम्ही जुन्या टेकमधला एक टेक सलग लावला. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी त्यांचा सूर किंचित खाली राहिलाय, एका समेला त्या अर्धी मात्रा उशिरा येतात आणि ठेका त्यांना सांभाळून घेतो, आणि मधे एक श्वास आहे, चांगला मोठा, पुढची लांब ओळ माहीत असलेल्या माणसाने घेतलेला. काका 'अहाहा' म्हणाले. आज पहिल्यांदा. अर्ध्या तासात ३०० हर्ट्झवर त्यांनी 'अहाहा' केलं नव्हतं.

घरी येताना ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात हेच. आम्ही दोघं, काका आणि मी, कान नसलेली माणसं नाही. दुसरं कडवं मलाही थंड वाटलं होतं, अगदी पहिल्यांदा ऐकतानाच, आणि तरी माझ्या तोंडून काय आलं तर डीएसर. कारण डीबीत बोललं की कोणाचं मन दुखत नाही. '३०० ला दोन डीबी काढा' हे बाईंच्या गाण्याबद्दल नसतंच मुळी, ते बाईंच्या कपाटाबद्दल असतं, त्यांनी कपाटाचं दार उघडून दोन बाजूंना गोधड्या टांगून रेकॉर्ड केलंय, गोधडी वरचे सूर पिते आणि खालचे तसेच घुमत राहतात, म्हणून डबा. कपाटाला नावं ठेवायला कोणाचं काय जातं. गाणाऱ्याला 'तू इथे नाहीयेस' म्हणायला हिंमत लागते, आणि म्हणणारा त्याच्या बरोबरीचा असला तर जास्तच लागते. गुरूने सांगितलं तर मान खाली घालून ऐकतो आपण. मैफलीत बसलो तर दाद देतो, समेला मान डोलवतो, नाही आवडलं तर हळूच चहाला बाहेर जातो. पण चार हौशी माणसांनी एकमेकांसमोर बसून खरं बोलायचं याची आपल्याला सवय कुठून असणार.

आणि ते ऐकू आलं रॅपरला याचंही मला नवल वाटलं आधी, त्याचा आणि अभंगाचा काय संबंध. मग वाटलं त्यालाच येणार ना. त्याचं सगळं काम श्वासावरच चालतं, ओळ कुठे तोडायची, दम कुठे भरायचा, नाहीतर चौथ्या बारला मेला. तो बाईंचा भूप ऐकतच नव्हता, तो बाईंची छाती ऐकत होता.

अर्थात सगळंच असं मन उघडून बोलायचं म्हटलं तर तेही वैतागवाणं होईल. काकांचा डग्गा फेजमुळेच गेला होता, तिथे 'काका तुमच्या वाजवण्यात आज जीव नाही' म्हणणारा कोणी भेटला असता तर बिचारे उगाच रियाज करत बसले असते.

माझं गाणं शेवटी लागलं. बेस जास्त आहे यावर तिघांचं एकमत, आणि ते मला माहीतच होतं, पोरं झोपलेली असताना हळू आवाजात मिक्स केलं की असंच होणार, हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय, मग आपण बेस वाढवत बसतो आणि सकाळी गाडीत लावलं की डॅशबोर्ड थरथरतो. ते काढते. रिव्हर्बबद्दलही तिघं बोलले, फार आहे, देवळात गातेयस असं वाटतं. रिव्हर्ब मी काढणार नाही. विचार केला, परत ऐकलं, कमी करून ऐकलं, नाही. मला ते तसंच हवंय. ऐकून घ्यायचं म्हणजे सगळं मानायचं असं नाही, आणि तीन विरुद्ध एक असलं तरी गाणं माझं आहे.

रॅपरचं आज राहिलं, काकूंनी जेवायला वाढलं. त्याने निघताना लिंक टाकली होती, मी आत्ता ऐकलं, दोनदा, हेडफोनवर आणि मग फोनवर. किक छान आहे. बाईंच्या तंबोऱ्याचा तुकडा घेतलाय त्याने, उलटा करून, परवानगी विचारलीय का ते बघायला पाहिजे. पहिलं कडवं त्याच्या चाळीचं आहे, पाण्याची वेळ, जिन्यातल्या सायकली, त्याची आजी, ऐकताना हसू येतं आणि दोन ओळींनंतर येत नाही. दुसऱ्या कडव्यात एकदम गाड्या, साखळ्या, दुश्मन. याला कोण दुश्मन आहे, हा मुलगा सेमिस्टरला एटीकेटी लागली तर काकांना फोन करतो.

मी टाइप केलं होतं की हाय-हॅट जरा तीक्ष्ण आहे, दहा किलोहर्ट्झला बघ. मग पुसलं. लिहिलं, "पहिलं कडवं तुझं आहे. दुसरं कोणाचंतरी ऐकून लिहिलंयस. बेस ठीक आहे."

दोन निळ्या टिका. मग बराच वेळ टायपिंग, मग थांबलं, परत टायपिंग. शेवटी आलं, "बेसचं राहू दे ताई. दुसऱ्यात कुठल्या ओळीपासून वाटलं?"

तिसऱ्या ओळीपासून. लिहून पाठवलं, आणि का ते आता व्हॉइस नोटमध्ये सांगतेय, हळू आवाजात.