गोबर गॅस: पहिल्या भरतीपासून निळ्या ज्योतीपर्यंत

रोज दोन घनमीटर गॅस देणारं, स्थिर घुमटाचं संयंत्र बांधून झालं तरी काम निम्मंच होतं. खरी कसोटी शेणकाला भरतानाची. संयंत्र बिघडतं ते बहुधा इथल्या घाईनं.

आधी गळती तपासली, तीही घुमटावर माती चढवल्यावरच. विटांचा घुमट वरचं ओझं पेलतो, पण आतून गॅसनं रेटलं की तडकतो. त्याला मातीचं वजनच धरून ठेवतं. टाकीत पाणी भरलं, गॅसचा कॉक बंद केला आणि दाब मोजायला पाणी भरलेली पारदर्शक यू नळी जोडली. नळीतल्या पाण्याच्या पातळीतला फरक ८० सेंटिमीटर होता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ७१. (वेळ तीच हवी, उन्हानं आतली हवा फुगते आणि आकडा फसवतो.) सांध्यांना साबणाचा फेस लावला, तर कॉकच्या आट्यांवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठत होते. टेफ्लॉन टेप नव्यानं गुंडाळल्यावर फरक ७९ वर टिकला.

भरतीला ४,००० लिटर काला लागला: १,८०० किलो शेण, तेवढंच पाणी आणि चालू संयंत्रातली ४०० लिटर ताजी मळी. मळी म्हणजे गॅस देऊन बाहेर पडलेला काला. इथं ती विरजणच. मिथेन तयार करणारे जिवाणू तिच्यातून येतात. चार-पाच जनावरांचं शेण रोज ५० किलोच्या आसपास, म्हणून महिनाभर आधीपासून सावलीत, ओलं आणि झाकून साठवलं. वाळलेलं शेण चालत नाही. कालवताना गुठळ्या फोडल्या आणि काडीकचरा व वाळू काढून टाकली. काडी वर तरंगून साय धरते, वाळू तळाशी बसून टाकीची जागा खाते. गोठा धुतलेलं फिनाइलचं पाणी काल्यात अजिबात जाऊ दिलं नाही.

नंतर १९ दिवस नवं काही घातलं नाही. आठव्या दिवशी दाब आला, पण तो गॅस जळत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि उरलेली हवा असते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर स्फोट होऊ शकतो, म्हणून हा गॅस उघड्यावर सोडून दिला. टाकीच्या तोंडाशी काडी कधीही ओढू नये. चाचणी लांबच्या शेगडीवरच करावी. विसाव्या दिवशी शेगडी पेटली.

मग रोज १५ किलो शेण सुरू केलं, आठवड्यानं ३०. तिथून एकदम ५० वर गेलो आणि ज्योत विझू लागली. मळीचा सामू (पीएच) ६.४, म्हणजे आम्लाकडे झुकलेला निघाला. आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेनवाले सावकाश. खाद्य जास्त झालं की आम्ल साचतं. पाच दिवस भरती बंद ठेवली, चुना घातला नाही. सामू ६.९ झाल्यावर ३५, ४०, ४५ असं चढवत नेलं.

शेगडी बायोगॅसचीच हवी. सिलिंडरच्या शेगडीचं छिद्र बारीक पडतं. ज्योत बर्नर सोडून उडाली तर हवेची झडप थोडी बंद करायची. पिवळी, मरगळलेली असेल तर उघडायची. ज्योत धडधडली तर पाइपात पाणी साचलंय. पाइपाला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला आहे आणि सगळ्यात खालच्या जागी टोटी. ती आठवड्याला उघडतो.

बाहेर पडणारी मळी उन्हात वाळवत नाही, कारण तिच्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. ओलीच सरीत सोडतो किंवा पालापाचोळ्याच्या थरांवर ओततो.